योबेलमामाचा टोचलेला कान

आमच्या मामाला स्वतः कोणाला दिलेली वस्तू परत मागता येत नसे. भीड म्हणून नव्हे, शास्त्रात बसत नाही म्हणून. आणि शास्त्र तरी कुठलं? बायबलचं! आसगावात जन्म काढलेल्या, पोळ्याला बैल सजवणाऱ्या माणसाला ते कुठे भेटलं, तर मिशनच्या दवाखान्यात. पाय मोडून तिथे पडला असताना शेजारच्या खाटेवरचा पेशंट आपलं पुस्तक याला देऊन घरी गेला. त्यात सातव्या वर्षी शेताला विसावा द्या, लोकांकडचं घेणं सोडून द्या, आणि पन्नासावं ते योबेल वर्ष, त्या वर्षी शिंग फुंकून गुलाम मोकळे करा, गेलेली जमीन ज्याची त्याला परत द्या, असं लिहिलेलं मामाला सापडलं आणि तो तिथेच अडकला. पुढचं मागचं त्याने वाचलंच नाही. "बाकी सब्बन भावाभावाच्या भानगडी आहेत," तो म्हणायचा. "त्या आपल्या गावात कमी आहेत का?" पुस्तक देवघरात गेलं, त्याला रोज हळदकुंकू लागू लागलं आणि गावाने त्याचं नाव योबेलमामा ठेवलं.

सातव्या वर्षी मामाने खरंच शेत पडीत ठेवलं. गावची गुरं मजेत चरत होती आणि हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून कौतुकाने बघत होता. मामीने भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात राहून, स्वतःची शेती असताना, तांदूळ विकत आणला. दुकानदार हसला तशी ती त्याच्यावरच खेकसली, "हसतं काहून? आमची जमीन झोपली आहे!"

त्यातून गावात एक शब्द रुजला. मामी शेजारणीकडे उसना दिलेला आपला मोठा गंज, म्हणजे पातेलं, मागायला गेली, तर शेजारीण शांतपणे म्हणाली, "तो तं सुटला ना, बाई. सातवं वरीस आहे." झालं! शिडी सुटली, फवारणीचा पंप सुटला, एकाने तर मामाची छत्री त्याच्याच डोक्यावरून सोडवली. पुढच्या खेपेला सहावं वर्ष संपत आलं तेव्हा उसनं मागणाऱ्यांची दारात रांग लागली. मामा हसत देत राहिला. सातवं जवळ आलं म्हणून हात आखडू नये, असंही त्याच पुस्तकात आहे म्हणे. मामी कपाळावर हात मारून घ्यायची.

पण एक गोष्ट मामाला खरोखर खात होती. शिवा हा घरचा सालगडी, मामाच्याच वयाचा. बोडीखालची बांधी, म्हणजे तलावाचं पाणी सगळ्यात आधी घेणारं ते धानाचं शेत, मुळात शिवाच्या बापाचं. अडल्या वर्षी पोटाला धान देऊन ती मामाच्या बापाने घेतली, आणि शिवा जन्मभर स्वतःच्याच मातीत आमचा गडी म्हणून राबला. त्या व्यवहाराला पन्नास वर्षं होत आली होती. मामाला आता दम्याने चार पावलं चालवत नव्हतं. "मी गेलो का पोरं ही बांधी इकून टाकतीन," तो मला म्हणाला. "मंग शिवाले कोणी देत नाही. माह्या हातानंच व्हाले पायजे, बाई."

गुढीपाडव्याला त्याने योबेल पुकारलं. शिंग नव्हतं, म्हणून देवळातला शंख आणून फुंकला. बाया आरतीची ताटं घेऊन आल्या, पोरं प्रसादाला आली. मामा धापा टाकत म्हणाला, "शिवा, तू आजपासून मोकळा. बोडीखालची बांधी तुही."

शिवाने सरळ नकार दिला. "मले नाही लागत. अन् सकाळचा चहा कुठं पिऊ? या वयात मले कायले हाकलून राहिले, मालक?"

मामाची पंचाईत झाली, पण पुस्तकात त्यावरही तोड होती. गडी जात नाही म्हणाला, तर त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून आरीने कान टोचायचा. मग तो जन्माचा त्या घरचा. मामाचा जीव होत नव्हता, पण नियम म्हणजे नियम. चांभाराकडून आरी आली. शिवा बिचारा चौकटीला टेकून डोळे मिटून उभा राहिला. मामी वाटीत हळद घेऊन हजर. मामाने कान धरला आणि ओरडला, "अरे, हा तं आधीच टोचेल आहे!"

आता आमच्याकडे कोणाचा टोचलेला नसतो? "लहानपणी सोनारानं टोचला, मालक," शिवा डोळे न उघडताच म्हणाला.

"म्हंजे तू सोनाराचा गडी?"

मामीची वाटी हातातून पडली, एवढी ती हसली. "अवो, तुमचाबी कान टोचेल आहे! तुमी कोणाचे गडी, सांगा ना!"

मामा दुपारभर ओसरीवर कान चाचपत बसला. जेवला नाही. आम्हाला वाटलं, आता डोक्यावर परिणाम झाला. संध्याकाळी उठला, काठी टेकत शिवाच्या घरी गेला आणि दारात हात जोडून म्हणाला, "मालक, मले सालानं ठेवता का?"

शिवा आधी घाबरला, मग रडला, मग म्हणाला, "तुमी संग असान तं घेतो बांधी. एकट्याले मले भेव लागते." बोली ठरली: दोन वेळचा चहा, एक चपलेचा जोड, पुढच्या पाडव्यापर्यंत. पोरांनी नागपुरातून फोनवर आरडाओरडा केला. मामीने फोन बंद करून ठेवला आणि नवऱ्याला घेऊन तलाठ्याकडे गेली. बांधी शिवाच्या नावावर झाली.

त्या वर्षीची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, मी पाहिली आहे. मामा धुऱ्यावर बसून, रोपांकडे काठी दाखवत, खोकत हुकूम सोडायचा, "मालक, तिकडं पऱ्हे दाट झाले!" आणि शिवा चिखलातून ओरडायचा, "मालक, गड्यानं गुमान बसावं!" चहा मात्र शिवा मामीच्याच हातचा पीत होता, आणि मामा शिवाच्या घरचा.

धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर आल्या, आणि मामा गेला. फार धाप लागली होती त्या दिवसांत. अंगणात जमलेली माणसं अशा वेळी म्हणतात तसं म्हणाली, "सुटले बिचारे."

शिवा भडकला. मी त्याला कधी असा पाहिला नव्हता. "सुटले कसे? पाडव्यापर्यंत बोली आहे! साल कुठं पुरा झाला?" तो खाली बसला आणि मामाचा कान धरून हलवू लागला. "कान टोचेल गडी असा मधातच सोडून जाते का? उठा ना, मालक. उठा ना."

त्याला धरायला कोणी पुढे झालं नाही. मामीच सरकली. तिने शिवाच्या हातावर हात ठेवला.

"हळू वढ रे, शिवा," ती म्हणाली. "दुखंन त्याइले."