उजव्या सोंडेचा गणपती

माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरचं चित्र तिच्या काकूनं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेनं काढलं. मी नाही. मी ए.टी.डी. केलेली, वर्ध्यात चोवीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवणारी बाई, चांगली घरात बसलेली असताना! हे लिहितानाही हात जड होतो, पण खरं आहे ते खरं आहे, म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

तसं मी चित्र काढून दिलं होतं, बरं का. पोस्टर कलरमध्ये कलश, आंब्याची पानं, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. सगळं पट्टी लावून, एक रेघ इकडची तिकडे नाही. पोरीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे आई. पण थोडं शाळेच्या फळ्यावानी वाटते." आणि लगेच पुढं, "काकूले लिनोत गणपती कोरायले सांगू का?"

फळ्यावानी! अगं, त्याच फळ्यावर चित्रं काढून तुला लहानाची मोठी केली. पण मी तिला तसं काही बोलले नाही. "सांग ना बावा, लगन तुहं आहे," एवढंच म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

धाकटी आर्वीकडची, रोहण्याची. शेतकऱ्याची पोर. चित्रकलेचा एक तास शिकलेली नाही. लहानपणी पोळ्याला मातीचे बैल करायची, तेवढंच तिचं शिक्षण. दोन वर्षांपूर्वी तिनं फोनवर कुणाला तरी लिनो कोरताना पाहिलं आणि नागपूरहून लिनो आणवला. लिनो म्हणजे चामड्यासारखी दिसणारी जाड चादर. तिच्यावर चित्र काढायचं, जो भाग कोरा हवा तो टोकदार पात्यानं खोदून काढायचा, उरलेल्या उंचवट्यावर शाई फिरवायची आणि कागद ठेवून घासायचा. डिप्लोमाला मी दोन केले होते. मार्क मिळाले, विषय संपला.

हिचा मात्र संपेचना. कापसाचं बोंड काय, साळुंक्या काय, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर काय! एकदा तिनं सासूबाईंचे कण्या निवडणारे हात कोरले. ते चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लागलं. मी सासूबाईंचं पेन्सिलीनं अख्खं पोर्ट्रेट केलं होतं, पंधरा दिवस खपून. ते कपाटावर गुंडाळून पडलेलं. येणारा-जाणारा विचारायचा, "हे हात कोणं काढले?" आणि सासूबाई म्हणायच्या, "धाकटीनं." कधीतरी कुणी माझ्याकडे वळून म्हणायचं, "म्हणजे तुम्हीच शिकवलं असन!" तेव्हा तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी काही शिकवलं नव्हतं. शिकवायला तिनं काही ठेवलंच नव्हतं.

आणि मी काही फार चांगली वागले असंही नाही. शाई फिरवायला रबरी रोलर लागतो. माझा डिप्लोमाच्या वेळचा रोलर लोखंडी पेटीत नीट ठेवलेला होता. तिनं विचारलं, "ताई, तुमच्याजवळ रोलर होता ना?" मी म्हटलं, "कुठं ठेवला कोणास ठाऊक, सापडून नाई राह्यला." तिनं एका जुन्या लाटण्यावर सायकलची ट्यूब चढवली आणि त्यानंच काम सुरू केलं. छाप माझ्या रोलरपेक्षा सरस.

तर एप्रिल महिना. माझ्याकडे परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे, आणि समोर ती कूलरपुढं बसून पत्रिकेचा गणपती कोरत होती. तिनं लिनो आधी गच्चीवर उन्हात ठेवला, मऊ होऊ दिला, मग लोणी कापल्यासारखा कोरला. तळहाताएवढाच तुकडा. पण सोंडेची वळणं, कानाच्या शिरा, पोटावरचा नाग... दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन मागे उभी राहिले आणि मला दिसलं.

सोंड सुलट काढली होती. म्हणजे पाहायला हवी तशी, डावीकडे वळलेली, डाव्या हातातल्या मोदकाकडे. लिनोवर काढलेलं छापताना उलटं होतं. पऱ्हाटी उलटली काय, साळुंकी उलटली काय, कुणाला कळतं? म्हणून इतक्या दिवसांत तिला हे कधी नडलंच नव्हतं. पण गणपती उलटला की तो उजव्या सोंडेचा होतो. कडक देव. त्याचं सोवळं-ओवळं सांभाळणं आपल्यासारख्या घरांना झेपत नाही, म्हणून लोक तो घरात आणत नाहीत. आणि इथं तर तो दोनशे घरांत जाणार होता, लग्नाचं निमंत्रण घेऊन.

डिप्लोमाच्या पहिल्याच तासाचा धडा होता तो. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच निभावलं असतं. मी चहाचा कप तिच्याजवळ ठेवला आणि पेपर तपासायला बसले. उद्या सांगू, म्हटलं. होऊ दे थोडं पुढं, मग सांगू. खरं सांगायचं तर मला ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं. सगळे घाबरतील, मग मी उठेन, आणि काय करायचं ते फक्त मला माहीत असेल. केवढा थाट मी मनात मांडून ठेवला होता!

तिसऱ्या दिवशी तिनं पहिली छाप काढली आणि ओलीच माझ्यापुढं धरली. "ताई, पाहा ना. बरोबर आली का?"

मी पाहिली. सोंड उजवीकडे. आशीर्वादाचा हातही डावा झालेला. पण काय छाप होती, अवो माय! काळं कसं भरून बसलेलं, पांढऱ्या रेघा कशा सळसळीत. चोवीस वर्षांत माझ्या हातून असं एक चित्र झालं नाही. मला अक्षरशः रडू येत होतं, आणि ते कौतुकानं नव्हतं.

"छान आली," मी म्हटलं. "काळं मस्त बसलं."

तिचा चेहरा फुलला. मग दोन दिवस तिनं हातकागदावर, एकेक कागद स्टीलच्या चमच्यानं घासत, दोनशे छापा काढल्या. हॉलभर दोऱ्या बांधून वाळत घातल्या. आतला मजकूर प्रेसमधून छापून यायचा होता. मी त्या दोऱ्यांखालून वाकून ये-जा करत होते आणि माझ्या मनाला काही खात नव्हतं, असं म्हणाले तर खोटं होईल. खात होतं. तरी गप्प होते.

पहिली पत्रिका देवाला ठेवायची, म्हणून सासूबाई त्यातली एक घेऊन देवघरात गेल्या. पितळी गणपतीच्या शेजारी उभी केली, हळदी-कुंकू लावलं, आणि तिथूनच ओरडल्या, "अवो बाई! हा उजव्या सोंडेचा काऊन केला वं?"

सगळे धावले. देवाची सोंड इकडे आणि पत्रिकेवरची तिकडे, दोघं शेजारी शेजारी. धाकटी पांढरीफटक पडली. सासूबाई म्हणाल्या, "आन् आशीर्वादही डाव्या हातानं देऊन राह्यला. लग्नाचं घर आहे माय, लोक काय म्हणतीन?" माझी पोरगी एकदम खुर्चीवर बसली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. घरातली ड्रॉइंगची बाई ना मी! ज्याची वाट पाहत होते तो क्षण हाच. मी पदर सारखा केला.

तोवर धाकटीनं छाप उचलून उजेडात धरली होती. "थांबा," ती म्हणाली. "लिनो उलटं छापते. म्हणजे आता ही चुकलेली छापच कार्बनवर ठेवून नव्या तुकड्यावर गिरवायची. ती छापली का सुलट होईन." आणि तिनं दिराच्या जुन्या फाइलमधून कार्बन पेपर काढलासुद्धा. एवढंच सांगायचं होतं मला. एवढ्यासाठीच मी पाच दिवस तोंड शिवून बसले होते. तिनं ते अर्ध्या मिनिटात शोधून काढलं.

दुसरा गणपती पहिल्यापेक्षाही सुंदर झाला. तिचा हात आता बसला होता ना.

पण त्या दोनशे चुकलेल्या छापांचं काय? देवाचं चित्र रद्दीत कसं टाकायचं? सासूबाई म्हणाल्या, शिरवून या, नदीत सोडून. मग मी आणि पोरगी स्कूटीवर गठ्ठा घेऊन धाम नदीवर गेलो. पाणी घोट्याएवढं, बंधाऱ्यापाशी तेवढं खोल. मी एकेक छाप सोडू लागले. हातकागद लवकर बुडेना. तेलाच्या शाईला पाण्यानं काही होईना. काळेभोर गणपती तसेच तरंगत होते.

"आई," पोरगी म्हणाली. "काकूनं पहिली छाप तुले दाखवली होती ना?"

"हो."

"मले म्हणे, 'मले काही शिक्षण नाई, माहं काई चुकलं तर ताईच्या नजरेतून सुटणार नाई. म्हणून आधी त्यायलेच दाखवतो.' तुले दिसलं नाई का व?"

म्हणजे तिनं ती छाप मला मिरवायला दाखवलीच नव्हती. तपासायला दाखवली होती. आणि मी ओल्या शाईकडे बघत जळत बसले होते.

नाई दिसलं, एवढं म्हणाले असते तर सुटले असते. पेपरांचा ढीग होता बाई, लक्ष नव्हतं माझं. पोरीनं विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचाच होता, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तसं म्हटलं की मला लिनोतलं काही कळत नाही असं झालं असतं. पाचवीच्या पोरीला दिसेल ते मला दिसलं नाही असं झालं असतं. आणि तेवढं मात्र माझ्याच्यानं होईना. लेकीपुढंही होईना.

"दिसलं होतं," मी म्हटलं. "ती कोरत होती तेव्हाच दिसलं होतं."

पोरीनं चपला काढल्या, माझ्या हातातला उरलेला गठ्ठा घेतला आणि एकटीच पाण्यात उतरली. "तू इथंच थांब," म्हणाली.