गाळलेलं वाक्य

“पडलीसुद्धा नाही धड. नुसता हात टेकला, आणि मनगट मोडलं.”

दवाखान्याच्या दारात उभे राहून बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते. आत बाकावर आई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. आठवड्यापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटी स्टँडवर लावताना तिचा तोल गेला होता. आज हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट दाखवायचा होता, म्हणून मी खराडीच्या ऑफिसातून अर्धी रजा काढून आले होते.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला.

“वय चोपन्न, आणि हाडं सत्तरीची. पाळी कधी गेली तुमची?”

आईने आधी बाबांकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. “एकेचाळिसाव्या वर्षी. ऑपरेशन झालं ना. पिशवी काढली.”

“आणि ओव्हरीज? त्या ठेवल्या होत्या?”

“नाही हो, फक्त पिशवीच काढली. कागद हिनेच वाचून दाखवला होता.”

तेव्हा मी नववीत होते. घरी आलेला डिस्चार्जचा कागद इंग्रजीत होता. बाबा कंपनीतली पत्रं वाचायचे, पण डॉक्टरी इंग्रजीला हात लावायचे नाहीत. “आमची इंग्लिश मीडियमवाली आहे की,” म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. समोर काका चहा पीत होते. वर्गात त्याच आठवड्यात प्रजननाचा धडा झाला होता आणि मागच्या बाकांवरची मुलं खिदळली होती. गर्भाशयाला निदान पिशवी म्हणता येत होतं. पुढच्या वाक्यात दोन्ही ओव्हरीज काढल्याचं होतं आणि त्यालाच जोडून हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल बोलायला सहा आठवड्यांनी या, असं होतं. ओव्हरीला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी काकांसमोर म्हटलं नसतं.

“पिशवी काढलीय. टाके दहा दिवसांनी,” मी म्हटलं आणि कागद घडी घालून परत दिला.

टाके गल्लीतल्या डॉक्टरांनीच काढले. कागद कपाटात गेला. त्या जानेवारीत आई पोळ्या लाटता लाटता गॅस बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहायची, कपाळ घामाने डबडबलेलं. आम्ही तिला हसायचो. अलीकडे पोह्यांचा डबा उतरवायला ती स्टूल घ्यायला लागली होती. फळी तीच होती.

डॉक्टरबाईंच्या मते रिपोर्ट पाहता ओव्हरीजही काढलेल्या असणार; त्या समजावून सांगत होत्या. हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. ते रोज थोडं मोडतं, रोज थोडं भरतं. मोडण्याला आवर घालण्याचं काम ओव्हरीजमधून येणारं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन करतं. ते वेळेआधी आणि एकदम गेलं की मोड वाढते, भर मागे पडते.

“मग आता सुरू करता येईल का ते?” मी विचारलं. 

“इतक्या वर्षांनी तसं देत नाही आपण. दुसरी औषधं आहेत, उरलंय ते टिकवायला. गेलेलं सगळं परत नाही येत.” त्यांनी पेन टेकवलं. “पण तेव्हा गोळ्यांचं कुणीच सांगितलं नाही?”

“नाही हो, कुणीच नाही,” आई म्हणाली.

“सांगतील कसे?” बाबा म्हणाले. “कापायला वेळ असतो त्यांना. बोलायला नसतो.”

डॉक्टरबाई औषधं लिहू लागल्या. आई प्लास्टरच्या कडेचा सुटलेला धागा डाव्या हाताने ओढत होती, आणि ज्यांचा काही दोष नव्हता त्या डॉक्टरांवर बाबा अजून बोलतच होते. मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले. पुढचं कुठल्या भाषेत सांगावं तेही सुचेना.

“बाबा, कागदात लिहिलं होतं. ते वाक्य मी वाचलं नाही.”