कागदावरची मोकळी बाल्कनी

माझं निम्मं आयुष्य इमारतींचे नकाशे काढण्यात गेलं. नाशकातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी या कामाला दुसरा शब्द कुणी शोधला नाही, आणि मीही कधी मागितला नाही.

आमच्या धंद्यात प्रत्येक इमारतीचे दोन नकाशे असतात. एक पासिंगचा, म्हणजे मंजुरीसाठी द्यायचा. दुसरा साइटचा, म्हणजे खरोखर बांधायचा. पासिंगच्या नकाशात जिथे मोकळी बाल्कनी असते, तिथे साइटच्या नकाशात खोली असते. पासिंगच्या नकाशात इमारतीभोवती चारी बाजूंना ऐसपैस जागा आणि झाडं असतात. पूर्वी झाडांची स्टेन्सिल मिळायची, पेन्सिल फिरवली की झाड तयार. मी कागदावर लावलेली झाडं जमिनीत लागली असती, तर नाशिककरांना उन्हाळा कळला नसता. यात लबाडी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. लग्नपत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात आणि लोक पाकीट घेऊनच जातात, तसंच हे. सगळ्यांना सगळं माहीत असतं.

सातपूरला आम्ही राहतो ती तीन मजली इमारतही माझ्याच हातची, वीसेक वर्षांपूर्वीची. पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट. ताबा मिळाला त्याच आठवड्यात बाल्कनीला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लागल्या. चार वर्षांपूर्वी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची कॉट त्या बाल्कनीत गेली. नाना मूळचे नांदगावकडचे. तरुणपणी इथल्या एका कारखान्यात लागले आणि माल तपासणारे इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. झटक्यात उजवी बाजू गेली, तपासायची खोड मात्र गेली नाही. सकाळच्या शिफ्टची बस पाच मिनिटं उशिरा आली तरी त्यांच्या लक्षात यायचं. भाजीच्या हातगाडीचं कुठलं चाक डुगडुगतंय हे ते खिडकीतून सांगायचे आणि गाडीवाला निमूटपणे खाली वाकून बघायचा. औषधांवर नाही, त्या खिडकीवर ते जगत होते.

मागच्या वर्षी आमचा रस्ता सुंदर करायचं ठरलं. त्यासाठी गुळगुळीत कागदावर छापलेलं निकषांचं पुस्तक आलं. इमारतींनी रस्त्यापासून किती अंतरावर उभं राहायचं, किती उंच व्हायचं, खिडक्यांचं माप काय, सगळं त्यात होतं. रंगांना तीन पर्याय होते: फिकट वाळू, ओली वाळू आणि नदीकाठची वाळू. मी ते नमुने उन्हात धरून पाहिले, तिन्ही सारखेच दिसले. दुकानांच्या पाट्या एका मापाच्या, एका अक्षराच्या. त्यामुळे पुढे महिनाभर लोक दातांच्या दवाखान्यात जाऊन मिसळ आहे का विचारत होते. दर्शनी बाजूला कपडे वाळत घालायला बंदी होती. चित्रातल्या रस्त्यावर एकही कपडा नव्हता, आणि कपडे घालणारी माणसंही फारशी नव्हती. शेवटच्या पानावर एक ओळ होती: बाल्कन्या मंजूर नकाशाप्रमाणे मोकळ्या असाव्यात.

गच्चीवर सोसायटीची मीटिंग झाली. सगळे माझ्याकडे आशेनं बघत होते, कारण पळवाट काढणं हा माझा पेशा. एकांनी सुचवलं की काचा इतक्या स्वच्छ पुसू की बाल्कनी मोकळीच वाटेल. सेक्रेटरींनी हे मिनिट्समध्ये लिहूनसुद्धा घेतलं. मी आठवडाभर नियम चाळले. दुसऱ्यांसाठी मला नेहमी काहीतरी सापडायचं, नानांसाठी काही सापडेना. मला भीती वाटत होती, आणि ती मी घरात कुणाला सांगितली नाही.

मग तपासणीचे इंजिनिअर आले. पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ. आमच्या घरात नकाशा पसरायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी तो नानांच्या कॉटवरच पसरला. कोपऱ्यात माझी सही होती. ती बघून ते ओशाळले आणि म्हणाले की मॅडम, तुम्हाला काय समजवायचं. खरंच काही समजवायचं नव्हतं. नानांचे पाय जिथे होते, बरोबर तिथे ‘मोकळी बाल्कनी’ असं लिहिलेलं होतं.

नानांनी नकाशा वर धरायला सांगितला. डाव्या हाताचं बोट रेघेवरून फिरवत त्यांनी तो सावकाश वाचला. कारखान्यात त्यांनी जन्मभर हेच केलेलं. एका हातात ड्रॉइंग, दुसऱ्या हातात जॉब, म्हणजे त्यावरून बनवलेला भाग, केसाएवढा फरक असला तरी माल परत.

“ह्ये कुणी काढलं?” त्यांनी विचारलं.

“मी, नाना.”

“मग जॉब ड्रॉइंगपरमानं नाय. रिजेक्ट.”

मी म्हटलं, “नाना, इथं तुम्ही झोपता.”

“ड्रॉइंगमधी मी कुठं हाय, ते दाखव.”

इंजिनिअरसाहेब आजारपणाच्या कारणानं अर्ज करा म्हणाले, आपण शिफारस करू म्हणाले. नाना ऐकेनात. एवढी वर्षं दुसऱ्याचा माल परत पाठवला, आता स्वतःचा पास करायचा का, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा राग आला. खरं तर स्वतःचा आला होता, पण समोर ते होते.

खिडक्या निघाल्या. पावसाळा संपेपर्यंत ताडपत्रीवर भागवलं, तीही निकषात बसत नव्हती. मग नाशिकची थंडी आली, नानांच्या छातीत कफ झाला आणि डॉक्टरांनी त्यांना आत हलवायला सांगितलं. कॉट आतल्या खोलीत गेली. त्या खोलीला खिडकी आहे आणि खिडकीपलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत आहे. हात बाहेर काढला तर बोटं टेकतात. नकाशात या दोन इमारतींमध्ये आरामात ट्रक जाईल एवढी जागा आहे. आमच्या बिल्डरनं साइटवर थोडं त्या बाजूला सरकवलं, त्यांच्या बिल्डरनं थोडं या बाजूला. त्या इमारतीचा पासिंगचा नकाशाही मीच काढलेला.

मी त्या इंजिनिअरना भेटून या भिंतीबद्दल विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की निकष दर्शनी भागापुरते आहेत, आणि ही भिंत रस्त्यावरून दिसत नाही. नानासुद्धा आता रस्त्यावरून दिसत नव्हते. रस्ता छान झाला. लोक गाड्या थांबवून फोटो काढायला लागले. भाजीवाला अजून आमच्या बाल्कनीकडे बघून क्षणभर थांबतो आणि पुढे जातो.

एका रविवारी नानांनी तो नकाशा पुन्हा मागितला. मी तो त्यांच्या पुढ्यात उलगडला. त्यांनी आतली खोली शोधली, मग खाली कोपऱ्यातल्या तक्त्याकडे वळले. प्रत्येक पासिंगच्या नकाशात तो तक्ता लागतो, कुठल्या खोलीत उजेड आणि हवा किती, त्याचा. अक्षरं त्यांना दिसेनात. दुपारचे बारा वाजले होते. “ताई, लाइट लाव,” ते म्हणाले.

मी ट्यूब लावली. नानांनी आपल्या खोलीपुढचा शेरा बोट ठेवून मोठ्यानं वाचला, “उजेड पुरेसा.” तो मी माझ्या हातानं लिहिला होता.

त्यांनी तक्त्यावरचं बोट उचललं. मग नकाशा माझ्याकडे देत म्हणाले, “अक्षर लय चांगलं हाय तुझं.”