तो भात, ते भात

भोरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. भाताचं आपल्याला सगळं कळतं, असा गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझा ठाम समज होता.

पाऊस ओढ देतो तेव्हा भाताच्या पानात एक घातक द्रव्य साचतं. कॅटालेज नावाचं विकर ते फोडून त्याचं साधं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. हिर्डोशीच्या एका मावशींनी मला मूठभर जुनं गावठी बियाणं दिलं होतं. त्याची रोपं मी कुंड्यांत वाढवली, पाणी तोडलं, पानं खलात घोटून विकर मोजलं. दुकानातल्या वाणापेक्षा कितीतरी जास्त! त्या वाणानं माना टाकल्या आणि ही पोरं ताठ उभी. आता दोघांचा संकर करायचा, या विचारानं मी हरखून गेले. पण मोजण्याच्या नादात एकूण एक रोप खलात गेलं होतं. बी धरायला एकही ठेवलं नव्हतं. शहाणीच मी!

मावशींना फोन लावला. "मावशी, तुमचा तो जुना भात मला हवाय. जेवढा असेल तेवढा. रविवारी येते."

"थोडंच ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या, "पन या की. लई बरं वाटलं."

रविवारी एसटीतून उतरून चढ चढून गेले, तर पाट मांडलेला. ताटात वाफाळता तांबूस भात, वर तूप. भूक लागलीच होती. चार घास पोटात गेल्यावर मी पिशवी काढली आणि विचारलं, "बियाणं कुठंय?"

"ह्ये काय, तुमच्या म्होरं!"

माझा हात तोंडाशीच थांबला. "सगळं?"

"समदं. कालच कांडलं. तुमीच म्हनला न्हवं, तो भात पायजे? शेतातलं पायजे असतं तर ते भात म्हनला असता."

शेतात असतं ते भात, ताटात येतो तो भात. हिर्डोशीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं ते मला कळलं नाही. स्वतःचा असा संताप मला कधी आला नव्हता.

"पण मावशी, बियाणं कुणी शिजवतं का?"

"न्हाई शिजवत. म्याबी जल्मात पैल्यांदाच शिजवलं," त्या म्हणाल्या. "पन कालेजातली बाई एवढ्या आवडीनं मागती, म्हनलं, करू." मग हसल्या. "औंदा उताराच्या वावरात भोरातल्या दुकानातलं बियाणं टाकू. त्येबी भातच की."

पावसानं दडी मारली की दुकानातलं ते वाण त्या उतारावर करपणार, हे पानं घोटून, मोजून मीच तर पाहिलं होतं. सांगायला तोंड उघडलं, तर मावशींनी पातेल्यातला उरलासुरला भात माझ्या ताटात वाढला.