तुओमोच्या खोलीतले टायर

पहिला बर्फ पडला की आमच्या अख्ख्या कायानी गावाला एकाच दिवशी आपल्या गाडीचे टायर आठवतात. त्या आठवड्यात आउलिसची कंबर कामातून जायची. चाळीस वर्षं तो टायरच्या दुकानात उन्हाळी टायर उतरवून बर्फात पकड धरणारे हिवाळी चढवत होता, आणि एप्रिलमध्ये उलटं. मी तिथेच फोन घ्यायला बसायचे. "दमलोय बाई," हा त्याचा रोजचा रामराम.

वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरांवर मात्र त्याचा फार जीव. त्यांचं रबर नाजूक. कडाक्याच्या थंडीत ते काचेसारखं होतं, आपटलं की तडकतं. गिऱ्हाइकांचे टायर तो दुकानामागच्या ऊबदार, अंधाऱ्या खोलीत ठेवायचा. आणि घरी, मुलाच्या खोलीत, तुओमोचे चार.

तुओमो अकरा वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये घर सोडून गेला. "जन्मभर रबर हुंगत बसायचं नाही मला," म्हणाला, शब्दाने शब्द वाढला, आणि त्याने हिवाळी टायरांवर गाडी दक्षिणेकडे काढली. "उन्हाळी न्यायला येईन," एवढं दारातून बोलला. आला नाही. वर्षाला दोन फोन, नाताळला आणि आईच्या वाढदिवसाला.

आउलिसने मुलाचा पलंग भिंतीला उभा केला, खिडकीला जाड कापड लावलं आणि तिथे टायर ठेवले. एकाच बाजूवर भार नको म्हणून दर महिन्याला ते पाव वळसा फिरवायचे. बायकोचा, हेल्वीचा फ्रीजरही त्याने तिथून बाहेर काढला. त्याच्या मोटरीने रबर खराब होतं म्हणे.

"माझं मटण पडवीत आणि टायर ऊबेत!" हेल्वी म्हणायची. "मलाही फिरव की महिन्यातून एकदा पाव वळसा."

गेल्या हिवाळ्यात आउलिसच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि टायर फिरवायचं काम माझ्या गळ्यात आलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, तो कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते सांगणारे. मी वाचले.

"आउलिस, हे बारा वर्षांचे आहेत! दहा झाली की फेका, कितीही जपलेत तरी, असं गिऱ्हाइकांवर तूच ओरडायचास ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

"मला वाचता येतं," तो म्हणाला. "फिरव तू."

मला राग आला, आणि त्याची कीवही आली. फिरवले.

एप्रिलच्या शेवटी मी त्याच कामाला गेले, तर दारात तुओमोची गाडी. तीच जुनी. पोराचे कानांजवळचे केस पांढरे झालेले. कॉफी झाली, वेलचीचा पाव झाला.

"बाबा, माझे टायर आहेत का अजून?"

आउलिसने खोलीचं दार उघडलं. तुओमो बघतच राहिला. मग त्याने अंगठ्याने रबर दाबून पाहिलं.

"नव्यासारखे आहेत की! चढवू या ना. उद्या सकाळी निघायचंय मला."

याच एका वाक्यासाठी आउलिस अकरा वर्षं वाकला होता. आता हा चढवणार, असंच मला वाटलं. पण आउलिस स्वयंपाकघरात गेला, मासे कापायचा सुरा घेऊन आला, रबरात अडकू नये म्हणून पातं ओलं केलं आणि एकेका टायरची कड चिरली. चौथ्याला त्याला धाप लागली.

"वेड लागलं का रे तुला?" हेल्वी ओरडली.

तुओमोचा चेहरा उतरला. "इतका राग आहे अजून, बाबा?"

"बारा वर्षांचे आहेत. भर वेगात फुटतील." आउलिस भिंतीला टेकून खाली बसला. "तुझ्यासाठी ठेवले होते. तुला मारायला नाही."



"मग आता?" तुओमोने विचारलं.

"या मापाचे इथे मिळत नाहीत. मागवावे लागतील. तीन दिवस." आउलिसने भिंतीकडे बोट केलं. "तोवर तो पलंग आडवा कर. माझ्याच्याने वाकवत नाही."