नागपूरचा पाहुणा

समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका यंदा छापायची नाही, वेबसाइट करायची, असं मंडळानं ठरवलं आणि मंडळात असलेल्या माझ्या मामानं माझं नाव पुढे केलं. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे कॉम्प्युटरचं जे काही असेल ते मला येतच असणार, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. तसं मला फार येत नव्हतं. पण आता वेबसाइट करायला फार यावंही लागत नाही. सीएमएस म्हणतात ती तयार व्यवस्था असते. साचा निवडायचा, मजकूर भरायचा, फोटो चढवायचे, ‘प्रकाशित करा’ दाबायचं. वणीला कॉलेजच्या लॅबमध्ये बसून मी एकेका मुलामुलीचं पान तयार करत गेले. त्यात एक पान माझ्या ताईचं होतं.

ताई बारावीनंतर शिवण शिकली. घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना पिको-फॉल करते. लहानपणी तापात तिचा डावा कान अधू झाला, तिथं ती यंत्र लावते. मागं एकदा तिचं लग्न ठरत आलं होतं आणि कानाचं कळल्यावर ते लोक उठून गेले होते. म्हणून या वेळी आईनं ‘विशेष माहिती’ या रकान्यात मला लिहायला लावलं : डाव्या कानाने कमी ऐकू येते, यंत्र वापरते. ताईनं ते वाचलं, हो म्हटलं, आणि एवढंच सांगितलं की हा मेळावा शेवटचा. तोवर काही जुळलं तर जुळलं, नाही तर तिचं नाव काढायचं आणि परत कुठं द्यायचं नाही. मामा म्हणाला, पाहू.

साइटवर कोण येतं, काय पाहतं, हे कळायला आमच्या सरांनी एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकायला सांगितलं होतं. माझा तो प्रोजेक्टच होता. पाहणारा कोण हे त्यात कळत नाही, त्याचं वागणं तेवढं कळतं. कुठल्या पानावर आला, किती खाली गेला, बोट कुठं टेकलं, कुठून परत फिरला. सगळ्याचं रेकॉर्डिंग होतं आणि नंतर ते पाहता येतं. अशी नोंद ठेवली जाते, असं साइटच्या तळाशी मी लिहिलं होतं. तिथपर्यंत कोणी गेल्याचं एकाही रेकॉर्डिंगमध्ये दिसलं नाही.

ताईच्या पानाची रेकॉर्डिंग मी इतर पानांसारखीच पाहायची. फोटो, जन्मतारीख, उंची, शिक्षण. मग विशेष माहिती. पान सरकत सरकत तिथं यायचं आणि थांबायचं. काही जण परत वर फोटोकडे जायचे, म्हणजे एकदा बघून घ्यायचे, आणि मग पान बंद. लोक जिथं जास्त थांबतात ते हीटमॅपमध्ये लाल दिसतं, जिथं कोणी जात नाही ते निळं. तिचा फोटो लाल दिसायचा, शिक्षण पिवळं, आणि त्या ओळीखालचं सगळं निळं. खाली तिनं शिवलेल्या कपड्यांचे फोटो होते. ते मीच हौसेनं घातले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटतही असेल. पण मी फक्त पाहत होते. नाक्यावर उभं राहून जाणारे कोळशाचे ट्रक पाहावेत, तसं.

मामानं ती ओळ सगळ्यात खाली न्यायला सांगितलं. मला ते एका मिनिटात करता आलं असतं. ताई म्हणाली, नको.

सरांना दाखवायला मी परत परत येणाऱ्या पाहुण्यांची यादी काढली, तेव्हा तो सापडला. मोबाइलवरून येणारा एक जण. ठिकाण : नागपूर. तो थेट ताईच्या पानावर यायचा, दुसरं कुठलंच पान उघडायचा नाही. मी घरी सांगितलं. सांगावं की नाही, याचा विचारही केला नाही.

मामाला तर आशेला धागाच सापडला. “नागपूरचा हाय म्हंजे नोकरीवाला असन. विचार करून राह्यला बिचारा. इकडल्या पोट्ट्यायसारखा उठला अन् निंगला, असा नाही.”

त्यानंतर आई रोज चहाच्या वेळी विचारायची, आज आलता का तो. ताई ऐकू न आल्यासारखं करायची. मशीनवर असली की ती यंत्र काढून ठेवते, त्यामुळे मशीनच्या आवाजात खरंच ऐकू येत नसेल असंही होतं. पण मेळाव्यासाठी तिनं स्वतःचा ब्लाउज शिवायला घेतला. लोकांचे ब्लाउज बाजूला ठेवून स्वतःचा शिवताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

त्या पाहुण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एक गोष्ट मला समजत नव्हती. तो खाली जातच नव्हता. फोटो मोठा करायचा, तसाच थांबायचा, बंद करायचा. आणि त्याचं बोट प्रत्येक वेळी दोनदा पडायचं. एकदा टेकवलं की लगेच तिथंच परत.

बाबा खाणीतून कोळसा नेणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत. चंद्रपूरकडच्या खेपा करतात, मधूनमधून घरी येतात. एका रविवारी ते ओट्यावर बसून फोन पाहत होते. त्यांची बोटं इतकी कडक झाली आहेत की स्क्रीनला एकदा टेकवून कळत नाही. शर्टाला बोट पुसायचं, टेकवायचं, परत टेकवायचं. मी मागं उभी होते. स्क्रीनवर ताईचा फोटो मोठा झाला.

मी माझ्या मोबाइलवरून ताईचं पान उघडलं आणि मग प्रोजेक्टची यादी पाहिली. नवी नोंद आली होती. ठिकाण : नागपूर. मी आमच्या अंगणात उभी होते. म्हणजे इकडचा कुठलाही फोन त्या यादीत नागपूरचाच होतो.

बाबांना विचारलं, हे कायले पाहता. चोरी पकडल्यासारखं त्यांना काहीच वाटलं नाही. जास्त पाहिलेली पानं साइटवर सगळ्यात वर दिसतात, असं मामा घरी बोलला होता, ते त्यांनी ऐकून ठेवलं होतं. आणि ते खरंही होतं. पहिल्या पानावर ताईचा फोटो बरेच दिवस वरच होता.

“रिकाम्या मांडवात कोनी पाय ठेवत नाही, बाई,” ते म्हणाले. “आधी घरची दोन मानसं बसा लागते. मंग पाव्हने येते.”

आमच्याकडे कुठल्याही कार्यात असंच करतात. वरात यायच्या आधी घरचीच माणसं जाऊन खुर्च्यांवर बसतात. मी चहा ठेवायला आत गेले.

आईला आणि मामाला सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही. ताईला सांगितलं. ती ब्लाउजला हुक लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला.

“मोठा चिकाटीचा निंगला नागपूरवाला,” ती म्हणाली. आणि पुढचा हुक घेतला.

मेळाव्याला ती तो ब्लाउज घालून गेली. मंगल कार्यालयात माईकवरून तिची माहिती वाचली, कानाची ओळही वाचली. ती उभी राहिली, नमस्कार केला, बसली. आमच्या खुर्च्यांकडे कोणी आलं नाही. येताना गाडीत मामा रस्त्याच्या कामाबद्दल बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी ताईनं नाव काढायला सांगितलं. घरात सगळ्यांसमोर सांगितलं, बाबाही होते. त्यांनी मान हलवली. मी पान कचरापेटीत टाकलं. ‘नक्की काढायचे का?’ असं एकदा विचारलं जातं, तेवढंच.

पण प्रोजेक्ट संपायचा होता, प्लगइन चालू होतं. बाबा खेपेवर गेले आणि यादीत नागपूर आलं. ‘हे पान सापडले नाही.’ त्या अक्षरांवर बोट दोनदा टेकलं. थोड्या वेळानं परत दोनदा. मग बंद. पुढच्या खेपेलाही तसंच.

मी ते ताईला दाखवलं. तिनं मशीन थांबवलं, यंत्र कानात घातलं, जसं काही रेकॉर्डिंगला आवाज असणार होता. पूर्ण पाहिलं.

“फोटो तेवढा ठेव,” ती म्हणाली. “त्यायले पाहू दे.”

मी त्याच पत्त्यावर नवं पान केलं. नाव नाही, उंची नाही, शिक्षण नाही, ती ओळ नाही. नुसता फोटो. इतर कुठल्या पानावरून तिथं जाता येत नाही. प्लगइनमध्ये एक चौकट असते, या पानाचा माग ठेवायचा की नाही यासाठी. तिथली खूण मी काढून टाकली.

त्यामुळे बाबा अजून येतात की नाही, मला कळत नाही. मी विचारलंही नाही.