अर्धी भाकरी घोडीची

भाच्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर तूर निवडत बसले होते. "मावशे, पाखरी घाटात बसली," तो म्हणाला. पाखरी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, घोडी. मी म्हटलं, बसली तर ओझं उतरवा आणि उठवा तिला, त्यासाठी मला कशाला फोन? तेव्हा तो म्हणाला, "अन् आई बी बसली. रगत ओकली. बीडला न्यायलोय." मी दवाखान्यात पोचले तेव्हा अक्काची शुद्ध गेलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पोराने आधी घोडीचं नाव घेतलं याचा मला त्या वेळी फार राग आला होता. आता वाटतं, अक्काने स्वतः फोन केला असता तर तिनेही आधी घोडीचंच सांगितलं असतं.

आमचं माहेर मेंढरांचं. मला दिली चौसाळ्याजवळच्या शेतकरी घरात, अक्काला दिली आष्टीकडच्या मेंढपाळाच्या घरात. मी चार भिंतींत आले आणि ती जन्मभर चालत राहिली. दिवाळी झाली की त्यांचा कळप निघायचा, बालाघाटाचा डोंगर धरून धारूरच्या पलीकडे जायचा आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचा. वाटेत आमच्या रानात मुक्काम ठरलेला. मेंढ्या बसल्या की रानाला खत मिळायचं आणि मला बहीण मिळायची. सगळं बिऱ्हाड पाखरीच्या पाठीवर असायचं. भांडी, वाकळा, तंबूच्या काठ्या, कोंबड्यांचं डालगं आणि त्यावर नुकतंच जन्मलेलं एखादं कोकरू. कासरा कायम अक्काच्या हातात. दाजी आणि पोरं मेंढरांमागे, अक्का घोडीपुढे. मी तिला चिडवायची, "तुझं लग्न दाजींशी लागलं का घोडीशी?" ती म्हणायची, "दाजी कुटं माझं आयकतेत?"

दोघींचे गुडघे एकदमच गेले. पाखरीचा पुढचा उजवा गुडघा सुजायचा, सकाळी पहिली पावलं ती तीन पायांवरच टाकायची. अक्का उठताना जमिनीला हात टेकायची आणि कुणी बघत नाही ना, हे पाहून घ्यायची. मी मात्र बघायची. पोरांनी ठरवलं की यंदापासून बिऱ्हाड टेम्पोने पुढच्या मुक्कामावर टाकायचं, घोडी काढून टाकायची आणि आईला घरी ठेवायचं. काळजीनेच म्हणत होती बिचारी, त्यांचं काही चुकत नव्हतं. पण सरपंचालाही तोंडावर बोलणारी माझी बहीण त्या दिवशी फोनवर लहान पोरीसारखी रडली. "सुमे, घोडी चालली तर मी चालंन. घोडी बसली की मला बी बसवत्यात. त्या पत्र्याच्या खोलीत मी एकटी काय करू गं?" तिने आयुष्यात एक अख्खा उन्हाळा कधी छपराखाली काढलेला नव्हता.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. बाजारात वरातीच्या घोड्या सांभाळणारा एक जण तिला भेटला आणि त्याने तिच्या गळ्यात पावडरचा डबा बांधला. डब्यावर उधळलेला घोडा आणि खाली इंग्रजी अक्षरं. सांध्यातली झीज भरून निघते, म्हातारा घोडा शिंगरासारखा पळतो, असं त्याने सांगितलं आणि हिने ऐकलं. चार दिवसांत पाखरी लंगडायची थांबली. पोरांनी टेम्पोचा विषय बंद केला, आणि गेल्या दिवाळीनंतर अक्का कासरा धरून, पदर खोचून, ताठ मानेने आमच्या रानात आली. तिला तसं पाहून मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

त्याच संध्याकाळी मी पाहिलं. तिने बाजरीच्या भाकरीवर गूळ कुस्करला, त्यावर डब्यातली चमचाभर पावडर टाकली आणि भाकरी मधोमध मोडली. आधी एक तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. पाखरी बघत उभी होती. अक्काने सावकाश चावून गिळला, मग दुसरा तुकडा घोडीपुढे धरला. मी ओरडलेच. जनावराचं औषध खातेस, डोकं ठिकाणावर आहे का? तर ती हसली. "तिला बोलता येतंय का? गुण आलाय का न्हाई ते कोन सांगंल? म्हनून मी खाऊन बघते. अन् आदी मी खाल्ल्याबिगर ती तोंड लावीत न्हाई. लई वास येतोय त्याला." आणि तुझ्या गुडघ्याला गुण आला का? "आला की! बघ," म्हणत ती हात न टेकता उठून उभी राहिली.

मी सकाळीच जनावरांच्या डॉक्टरांना रानात बोलावून घेतलं. त्यांनी पाखरीचा गुडघा दाबून पाहिला, पाय उचलून दुमडला, डबा उलटसुलट केला. ते म्हणाले, असल्या पावडरींनी घोड्याच्या सांध्याला खरंच फायदा होतो, याची खात्री अजून कुणी छातीठोकपणे देत नाही. काही झालाच तर हळूहळू होईल. गुडघा आतून झिजलेला आहे, तो चार दिवसांत भरून येत नसतो. "म्हणून मला डब्याची भीती वाटते. यात दुखणं मारणारं काही मिसळलं असेल तर घोडीला पाय दुखतोय हेच कळणार नाही. ती ओझं घेऊन चालत राहील आणि गुडघा पार जाईल. पोटात जखमा होतील त्या वेगळ्याच. आणि आजी, तुम्ही तर याला हातही लावू नका." अक्काने मान डोलावली, डॉक्टरांना चहा पाजला, ते गेल्यावर डबा वाकळेत गुंडाळून घोडीवर बांधला. मी तो हिसकावून घ्यायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, "काहून घेतीस गं? तुला घर हाय. मला एवढाच हाय." त्यावर मी भांडले, रडले, दाजींना सांगितलं. दाजींनी सांगितल्यावर तिने डबा लपवला, एवढाच फरक पडला.

पुढे फोनवर मी रोज विचारायची, तीही रोज खोटं सांगायची. खरं काय ते नंतर भाच्याने सांगितलं. पाखरी चारा न खाता तसाच टाकायला लागली होती, तिच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या, पण चालत होती. अक्काचंही जेवण तुटलं होतं, छातीखाली आग व्हायची. चार पावलांवर दम लागायचा, पण गुडघा दुखत नव्हता ना! तिच्या लेखी सगळा हिशेब गुडघ्याशी येऊन थांबायचा. धारूरच्या चढाला पाखरीचा तो पाय मुडपला आणि ती ओझ्यासकट खाली बसली. भाचा सांगतो, आईने कासरा सोडला नाही. ओझं सोडवायला वाकली आणि तिथेच ओकली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या दुखण्याच्या गोळ्या किती दिवस खात होत्या? पोटात फार रक्तस्राव झालाय." मी म्हटलं, एकही नाही हो, ती गोळीला हात लावत नव्हती. आणि बोलता बोलताच मला तो डबा आठवला. भाच्याने तो सामानातून शोधून आणला. बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, वरचं सगळं वाचलं. म्हणाल्या, "यावर लिहिलंय तेवढ्याने असं व्हायला नको. पण लिहिलंय तेवढंच आत आहे, हे कशावरून? तपासल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही." कुठे तपासायचं, कुणी तपासायचं… मी दारोदार विचारून आले. जिथे गेले तिथे, घोड्याचं औषध बाईने खाल्लंच कशाला, एवढंच ऐकवून लोक आपापल्या कामाला लागतात. तो वरातीवालाही म्हणतो, मी घोड्यासाठी दिलं होतं. तिच्या पोटात आधीपासूनच काही असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहते. मनाला पटत नाही, आणि उलटंही सिद्ध होत नाही. अक्का, तुझ्यासाठी रडायचं की तुझ्या हट्टावर ओरडायचं, हेही तू ठरवू दिलं नाहीस.

पाखरी आता आमच्या गोठ्यात आहे. अक्का ज्या टेम्पोला एवढी भ्यायली, त्याच टेम्पोत घालून तिला आणली. डॉक्टरांनी पावडर बंद केली, विसावा द्या म्हणाले, खाली मऊ भुसा टाका म्हणाले. ते सगळं करतोय. पण पावडर सुटली आणि मागचं सगळं दुखणं एकदम वर आलं. डॉक्टर पोट सांभाळून जेवढं देता येईल तेवढं देतात, तेवढ्याने भागत नाही. परवापासून ते माझ्याकडे न बघता बोलायला लागलेत. काय सुचवायचंय ते मला कळतं. दाजींना विचारलं तर ते मेंढरांकडे बघत राहतात.

डबा गोठ्यातल्या फळीवर आहे. अजून निम्मा भरलेला, आत अक्काचा चमचा तसाच रुतलेला. रोज ठरवते, आज उकिरड्यात पुरून टाकीन. आणि पाखरी उठायला धडपडते, पुढचा पाय टेकवते आणि थरथरत पुन्हा खाली बसते, तेव्हा माझाच हात त्या फळीकडे जातो. माझ्या बहिणीला ज्याने खाल्लं असं मला वाटतं, तेच या मुक्या जनावराला एक दिवस तरी उभं करील… झाकण उघडते, तो वास येतो, झाकण लावते.

काल संध्याकाळी मी बाजरीची भाकरी केली. नुसता गूळ कुस्करला आणि भाकरी मधोमध मोडली. पाखरीपुढे तुकडा धरला तर तिने वास घेतला आणि माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत राहिली. मग मला आठवलं. मी तिच्याजवळ भुशात बसले, माझा तुकडा आधी तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांदेखत सावकाश चावून गिळला. तेव्हा कुठे तिने मान लांब करून तिचा तुकडा घेतला. अक्काच्या वाट्याचं मी खाल्लं, पाखरीच्या वाट्याचं पाखरीने खाल्लं, आणि ती उठली नाही.